आधी दुरून, मग हाताने: डॉक्टर जनावर तपासतात ते कसे

गोठ्यात शिरल्यावर पहिली पाचेक मिनिटे मी जनावराला हातही लावत नाही. इंदूरच्या आसपास, राऊ, सिमरोल, हातोद या पट्ट्यात बरीच वर्षे फिरतो आहे आणि मालकाशी वाजते ते नेमके याच पाच मिनिटांवरून. "डॉक्टर साब, खड़े-खड़े क्या देख रहे हो, सुई लगा दो ना!" शहरातही तेच. रामबागेतल्या एका काकूंनी तर तोंडावर विचारले, "अहो, फी बघण्याची घेता की तपासण्याची?" दोन्ही एकच आहे काकू, म्हटले. त्यांना ते काही पटले नाही.

म्हणून हा लेख. डॉक्टर कोणत्या क्रमाने काय पाहतो, त्यामागे काय असते आणि त्यातले तुम्हाला घरच्या घरी काय जमेल, हे एकदा सविस्तर सांगून टाकतो. आमच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात (ते १९५५ सालचे) हा क्रम आमच्याकडून इतका घोटून घेतला होता की झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवू: विचारपूस, दुरून निरीक्षण, ताप-नाडी-श्वास, मग डोक्यापासून शेपटीपर्यंत हात. क्रम मोडला की काय होते, ते मी एका म्हशीच्या जिवावर शिकलो. ते पुढे येईलच.

विचारपूस

"चारा खात नाही" हे वाक्य मला रोज ऐकायला मिळते आणि त्यातून काहीही कळत नाही. खावेसे वाटत नाही, की वाटते पण खाता येत नाही? गव्हाणीत तोंड घालते, घास घेते आणि टाकून देते, तर गडबड तोंडात, दातांत किंवा घशात. गव्हाणीकडे बघतही नाही, तर आजार आत आहे. हिरवा चारा खाते पण ढेप शिवत नाही, असे म्हणालात तर मी लगेच विचारतो, "व्यायली कधी?" भरपूर दूध देणारी संकरित गाय व्यायल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अशी वागू लागली, तर कितनबाधेचा (इंग्रजीत किटोसिस, अंगातली चरबी जळून रक्तात कीटोन साठण्याचा आजार) संशय घ्यायचा. तिच्या श्वासाला गोडसर, नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येतो. काही लोकांना तो वास येतच नाही. माझ्या मदतनिसाला दारातच येतो आणि मला नाक जवळ न्यावे लागते.

"व्यायली कधी?" या एका प्रश्नाने अर्धी यादी गळते. व्यायल्यावर तीन दिवसांच्या आत गाय बसली, मान कुशीकडे वळवून पडली आणि कान गार लागले, तर दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो, उलट अंग गार पडते, कारण रक्तातले कॅल्शियम उतरलेले असते. बाकीचे प्रश्न असे: कितवे वेत, माज कधी आला होता, ढेपेचे नवे पोते फोडले का, लस आणि जंताचे औषध कधी दिले, गोठ्यात आणखी कोणी आजारी आहे का, आणि आधी कोणी काय टोचले.

माळव्यात ऋतूप्रमाणे प्रश्न बदलतात. ऑक्टोबरात सोयाबीन निघाले की मी दावे तुटले होते का, हे विचारतो. ढिगावर रात्रभर चरलेली गाय सकाळी लोळत पडते. लग्नसराईत उरलेल्या पुऱ्या आणि पुलाव कुठे टाकला, हे विचारावे लागते. शहरात कुत्र्यांच्या बाबतीत रंगपंचमीच्या गेरीनंतरचे (इंदूरची रंग उधळणारी मिरवणूक) दोन दिवस अंगावरचा रंग चाटून झालेल्या उलट्यांचे असतात. आणि एक संवाद तर ठरलेला: "ताटातले काही देता का?" "छे हो, काहीच नाही." "काहीच?" "सकाळी पोह्यांबरोबर थोडी शेव, तेवढीच." इंदुरात शेव खाण्यात धरतच नाहीत. कुत्र्याच्या पोटात मात्र त्या शेवेचे तिखट-मीठ जाते आणि पोह्यातला कांदाही जातो. कांदा कच्चा असो की शिजलेला, कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात.

दुरून बघणे

आता ती पाच मिनिटे. अनोळखी माणसाने हात लावला की जनावराची नाडी आणि श्वास दोन्ही वाढतात, म्हणून श्वास दुरूनच मोजायचे. गाईच्या मागे थोडे बाजूला उभे राहा, कुशीवर नजर ठेवा, तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. घड्याळ हवेच, अंदाजाने मोजलेला श्वास नेहमी मोजणाऱ्याच्या सोयीचा निघतो.

त्याच वेळी बाकीचे दिसत असते. नाकाच्या शेंड्यावर दवासारखे थेंब आहेत का? निरोगी गाईम्हशीचे मुस्कट ओलसर असते. रवंथ चालू आहे का? धडधाकट गाय दिवसातून सहा-आठ तास रवंथ करते आणि एक घास पन्नास-साठ वेळा चावते. वीस वेळा चावून थांबत असेल तर मी मनात टाचण करून ठेवतो. मग पाठ सरळ की कमानीसारखी, कान कुठे, चारही पायांवर भार सारखा आहे का. मागे जाऊन पोटाची बाहेरची रेषा बघतो: डावी भकाळी (फासळ्यांमागचा कुशीतला खळगा) फुगून वर आली असेल तर कोठीपोटात, म्हणजे गाईच्या चार पोटांतल्या पहिल्या, सर्वांत मोठ्या पोटात वायू. खाली पडलेले शेणही बघतो. पातळ आहे, घट्ट गोळे आहेत, त्यात न पचलेले दाणे आहेत, आव आहे, की काळपट डांबरासारखे आहे? काळे शेण म्हणजे वरच्या आतड्यात किंवा चौथ्या पोटात रक्त सुटले असण्याची शक्यता.

आता म्हशीची गोष्ट. नोकरीचे पहिलेच वर्ष होते. एका डेअरीत म्हैस खात नव्हती. मी गेलो, सरळ थर्मामीटर लावला, ताप १०३ निघाला, प्रतिजैविक टोचले आणि मोटारसायकलला किक मारली. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मालकाला यायला उशीर झाला म्हणून दारात उभा राहिलो आणि तेव्हा पहिल्यांदा तिला नीट बघितले. पुढचे दोन पाय गव्हाणीच्या उंचवट्यावर, कोपरे अंगापासून बाहेर काढलेली, पाठ वर. पोट पुढे छातीवर रेलू नये म्हणून ती आपली आपणच चढावर उभी होती. मानेखालच्या पोळीत पाणी उतरले होते. तार गिळली होती तिने. जाळीपोट (दुसरे पोट) आणि हृदय यांच्यामध्ये फक्त पडद्याची आड असते. तार ती आड ओलांडून गेली होती. म्हैस वाचली नाही. उघडून बघितल्यावर हृदयाच्या वेष्टणात पेंढीच्या गाठीची तार सापडली, जेमतेम बोटाएवढी. पहिल्या दिवशी पाच मिनिटे उभा राहिलो असतो तर शस्त्रक्रियेची संधी होती.

ताप, नाडी, श्वास

हे तीन आकडे घरीही घेता येतात. थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात तिरका घाला, म्हणजे टोक आतल्या भिंतीला टेकेल; शेणात रुतवला तर कमी ताप दाखवतो. पाऱ्याचा असेल तर दोन मिनिटे ठेवा. मागच्या टोकाला दोरा आणि चिमटा बांधून चिमटा शेपटीच्या केसांना लावा, नाहीतर तो आत जातो किंवा फरशीवर फुटतो. डॉक्टर गुदद्वारात हात घालून तपासणार असेल तर ताप त्याआधी घ्यायचा, कारण नंतर आत हवा शिरलेली असते आणि आकडा खोटा येतो.

सर्वसाधारण आकडे, विश्रांतीत असताना आणि फॅरनहाइटमध्ये:

- गाय: १००.५ ते १०२.५, नाडी मिनिटाला ५० ते ८०, श्वास १५ ते ३५
- शेळी: १०१.५ ते १०३.५, नाडी ७० ते ९०, श्वास १५ ते ३०
- कुत्रा: १००.५ ते १०२.५, नाडी ७० ते १२०, दांडग्या जातींत कमी, पिल्लांत बरीच जास्त, श्वास १५ ते ३०
- मांजर: १००.५ ते १०२.५, नाडी १४० ते २२०, श्वास २० ते ३०
- घोडा: ९९ ते १०१, नाडी २८ ते ४४, श्वास ८ ते १६

म्हशीचा ताप गाईच्या आसपास किंवा किंचित खालीच असतो. पण तिची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूपच कमी, त्यामुळे मे महिन्यात दुपारी उन्हातून आणलेल्या म्हशीचा १०३ मी खरा ताप धरतच नाही. सावलीत बांधा, अंगावर पाणी मारा, अर्ध्या तासाने परत घ्या.

नाडी गाईम्हशीत शेपटीच्या खालच्या अंगाला, बुडापासून वीतभर खाली मध्यावर लागते. कुत्र्या-मांजरात मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेत. घोड्याला खालच्या जबड्याच्या काठावर बोटे टेकवली की लागते. वरातीतल्या घोड्यांच्या मालकांना ही जागा माझ्याहून चांगली माहीत असते. बोटांनी हलके दाबा, अंगठ्याने नको, अंगठ्यात आपलीच नाडी लागते.

माझे एक सांगणे आहे. पुस्तकी आकड्यांपेक्षा तुमच्या जनावराचे स्वतःचे आकडे जास्त कामाचे. ते ठणठणीत असताना तीन-चार सकाळी मोजून गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. ज्या गाईचा ताप रोज १००.८ असतो, तिचा १०२.४ मला चिंतेचा वाटतो, जरी तो यादीत बसत असला तरी.

डोके, हिरड्या, गाठी

इथून हात लागतो. कुत्र्याचा वरचा ओठ वर करून हिरडी बघतो, गाईत खालची पापणी खाली ओढून आतला रंग. फिकट गुलाबी हवा. पांढरट असेल तर रक्त कमी: जंत, गोचीड किंवा आत कुठे रक्तस्राव. पिवळा म्हणजे कावीळ. निळसर असेल तर प्राणवायू पोचत नाही, बाकीचे नंतर, आधी तेवढे सांभाळायचे. लालभडक म्हणजे ताप किंवा रक्तात विष भिनलेले. मग हिरडीवर बोट दाबून सोडतो. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा; त्याहून उशीर झाला तर रक्ताभिसरण मंदावले आहे. काळ्या हिरडीच्या कुत्र्यात हे दिसत नाही, तिथेही पापणीच कामाला येते.

पाणी किती कमी झाले, हे मानेवरची कातडी चिमटीत उचलून कळते. सोडल्यावर झटकन बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर सलाइनची वेळ आली. म्हातारी किंवा फार रोड जनावरे यात फसवतात, त्यांची कातडी एरवीही सैल असते. म्हणून डोळा किती खोल गेला, हेही बघायचे.

लसीकाग्रंथी म्हणजे कातडीखालच्या गाठी: जबड्याखाली, खांद्याच्या पुढे, गाईत मांडीच्या पुढे, कुत्र्यात गुडघ्याच्या मागे. निरोगी कुत्र्याच्या गुडघ्यामागची गाठ वाटाण्याएवढी, इकडेतिकडे सरकणारी लागते. संकरित गाईच्या खांद्यापुढची गाठ लिंबाहून मोठी झाली, ताप १०५ च्या वर गेला आणि अंगावर गोचीड आहेत, की आधी थायलेरिया (गोचिडांनी पसरणारा रक्तातल्या परजीवीचा आजार) आठवतो. गोचिडांमुळेच होणाऱ्या बबेसियात लघवी काळ्या कॉफीसारखी येते. दोन्हींची खात्री कानाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर, सूक्ष्मदर्शकाखाली होते. अंगभर पसरलेल्या कडक गाठी असल्या तर लम्पी. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात पहिल्यांदा आढळला आणि २०२२ मध्ये देशभर पसरला, तेव्हापासून मालक स्वतःच कातडी चाचपून बघू लागले, हे मात्र बरे झाले.

एका गोष्टीत मी कोणाचे ऐकत नाही. लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका. "घशात काहीतरी अडकलंय" म्हणून घरचे लोक घालतात. लाळ्या-खुरकुताने लाळ गळते, घशात अडकलेल्या आंब्याच्या कोयीने गळते आणि रेबीजनेही गळते. कुत्रा चावल्याचे मालकाला आठवतही नाही, कारण मध्ये आठवडे, कधी महिने गेलेले असतात. आवाज बदललेली, विनाकारण हंबरणारी, अंगावर येणारी गाय असेल तर लांब राहा. लाळ लागलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

छाती

बोटांनी ठोकून आवाजावरून आत काय भरले आहे ते ओळखण्याची रीत ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये मांडली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव, दारूची पिंपे ठोकून बघणे घरातच पाहिलेले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लिऑन इथे बूर्जला यांच्या पुढाकाराने पहिली पशुवैद्यकीय शाळा निघाली. स्टेथोस्कोपला मात्र १८१६ उजाडावे लागले. आजही मी आधी ठोकतो, मग नळी लावतो. फुप्फुसावर पोकळ आवाज येतो, त्यात पाणी किंवा पू साठला की बद्द.

गाईचे हृदय ऐकायला डावा पुढचा पाय जरा पुढे सरकवून स्टेथोस्कोप कोपराच्या आत सारायचा. स्वच्छ "लब-डप" ऐकू यायला हवे. पाण्याखालून आल्यासारखे किंवा पखालीत पाणी डचमळल्यासारखे आले, तर तारेचा विचार करायचा. मानेच्या शिरेत नाडीसारखी उसळी दिसते का, हेही बघतो. खालच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ती चालते, जबड्यापर्यंत चढली तर हृदयाला भार झेपत नाही.

तारेची आणखी एक खूण मालकालाही जमते. गाईच्या वशिंडामागे पाठीची कातडी दोन्ही हातांनी दाबून धरा. निरोगी गाय पाठ खाली वाकवते. दुखत असेल तर वाकवत नाही, कण्हते. डॉक्टर दोघांना छातीच्या मागे पोटाखालून आडवी काठी धरायला लावून ती हळूच वर उचलतात आणि नळी श्वासनळीवर ठेवून कण्हणे ऐकतात, तेही याचसाठी.

पोट

गाईच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून ठेवा आणि दोन मिनिटे थांबा. कोठीपोट हलले की मूठ बाहेर ढकलली जाते. दोन मिनिटांत दोन-तीनदा तरी असे व्हायला हवे. एकदाही नाही, तर पोट बंद आहे. मधल्या भागात हाताला मळलेल्या कणकेसारखे लागते ते बरोबर. मुठीचा खड्डा तसाच राहिला तर आत चारा गच्च बसला आहे. हलवल्यावर डचमळले, तर धान्य जास्त झाल्यावर होणारी आम्लता असू शकते. पुऱ्या-पुलावाची गाय ती हीच. ढोलासारखे ताणलेले असेल तर पोटफुगी, आणि तिथे मी बाकीची तपासणी सोडून आधी वायू काढतो.

एक आवाज मला फार आवडतो, आजाराचा असला तरी. डाव्या बाजूला नवव्या ते तेराव्या फासळीच्या वरच्या भागात नळी ठेवून शेजारी टिचकी मारली आणि रिकाम्या स्टीलच्या हंड्यासारखा "टिंग" आला, तर चौथे पोट जागा सोडून वर सरकले आहे. हे बहुतेक व्यायल्यानंतरच्या महिन्यात, भरपूर दुधाच्या संकरित गाईंत होते. माळवी गाईत मी ते अजून पाहिलेले नाही.

कास दूध काढल्यावर चाचपायची, भरलेली असताना काही कळत नाही. चारही सड एकमेकांशी ताडून बघा: गरम, कडक, दुखरा कोणता? पहिल्या दोन-चार धारा काळ्या फरशीच्या तुकड्यावर काढा. गुठळ्या काळ्यावर लगेच दिसतात. काहीच दिसत नसून दूध मात्र घटत असेल, तर डॉक्टरांकडे कॅलिफोर्निया चाचणीचा द्रव असतो. दूध जेलीसारखे घट्ट झाले की लपलेली दगडी (कासेची सूज) उघडी पडते.

मांजरे, आणि थोडे कुत्र्यांविषयी

लोकमान्य नगरात एक बोका तपासत होतो. त्याला टॉवेलात गुंडाळले, डोके बाहेर, एकेक पाय काढून बघायचा. सगळे छान चालले होते, पण स्वारी खूश होऊन घुरघुरायला लागली आणि नळीत घुरघुरीशिवाय काही येईना. "जरा बेसिनचा नळ सोडा," म्हटले. घरच्या आजींना वाटले डॉक्टरला हात धुवायचे आहेत. नळाची धार सुरू झाली, बोका चपापून गप्प झाला आणि मला वीस सेकंद हृदय ऐकायला मिळाले. बऱ्याच मांजरांवर ही युक्ती चालते.

बोके सारखे मातीच्या पेटीत जाऊन बसत असतील तर लोक बद्धकोष्ठ समजतात. पोटाच्या मागच्या भागात कडक, संत्र्याएवढा गोळा लागला तर ते तुंबलेले मूत्राशय असते, आणि ते दाबून रिकामे करायला जाऊ नका, फुटेल. त्याच रात्री दवाखाना गाठा. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तेव्हा तर मी टॉवेल, थर्मामीटर काहीच काढत नाही. आधी प्राणवायू, तपासणीचा ताणही अशा मांजराला मारू शकतो.

कुत्र्यात जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या जातींचे पोट अचानक टम्म फुगले आणि उलटी यायचा प्रयत्न होतो पण काही पडत नाही, तर पोटाला पीळ बसला असू शकतो. तिथे तास महत्त्वाचे असतात. माजानंतर काही आठवड्यांनी कुत्री फार पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन पोट अगदी हलक्या हाताने तपासतात.

डॉक्टर येईपर्यंत

जनावर उजेडात, सपाट जागी बांधा. ताजे शेण आणि लघवी झाडून टाकू नका, आम्हाला ते बघायचे असते. नाळीने (औषध पाजायच्या पोकळ नळीने) तेल पाजू नका. आजारी जनावर नीट गिळत नाही, तेल फुप्फुसात उतरते आणि एकाचे दोन आजार होतात. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीच नाही, एकही जिवावर बेतू शकते, आणि माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्यालाही नकोत. शिवाय ताप उतरवणारे काही दिले असेल, तर माझ्या थर्मामीटरला आता काय विचारणार?

फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. फोनवर व्यायल्याची तारीख, मोजलेला ताप आणि शेवटचे रवंथ कधी पाहिले, एवढे सांगितलेत तरी येणारा डॉक्टर पिशवीत नेमके काय टाकायचे ते ठरवू शकतो. आणि आधी कोणी येऊन काही टोचून गेला असेल, तर लाजू नका, मी रागावणार नाही. फक्त ती रिकामी बाटली उकिरड्यावर फेकू नका. सिमरोलकडे एक म्हातारबा आहेत, ते गोठ्याच्या कोनाड्यात अशा बाटल्या तारखेची चिठ्ठी चिकटवून ओळीने मांडतात. त्यांच्याकडे गेलो की मी आधी कोनाडा वाचतो, मग गाईकडे वळतो.